शून्य सावलीची तासिका

तक्त्यात पाच रकाने आहेत :
घटक, उपघटक, तासिका, साहित्य, निष्पत्ती.
जळगावच्या बैठकीत चहाबरोबर वाटला.
इयत्ता सातवी, विज्ञान, नमुना अभ्यासक्रम,
तीस तारखेपर्यंत भरून द्या,
आणि मॅडम, जरा सुटसुटीत.

सावद्यापर्यंत एसटीत
त्याच तक्त्याने वारा घेत आले.
मे महिना. तेवढा तरी उपयोग झाला.

घटक पहिला : मूळ, खोड, पान.
मागच्या वर्षी फळ्यावर केळ काढली,
बाण मारला, लिहिलं, खोड.
मागच्या बाकावरून मुनाफ तडवी,
हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारा,
म्हणाला, बाई, हे खोड नही.
पानंच हायेत, एकात एक. खोड खाली, मातीत.
पुस्तकाच्या चित्रात माझ्याच बाजूने बाण होता.
दुसऱ्या दिवशी त्याने सायकलच्या कॅरिअरला बांधून
बुंधा आणला, त्याच्याहून लांब.
व्हरांड्यात सोलत बसलो. एकोणीस थर मोजले,
मग मोजणाऱ्यांतच भांडण झालं.
चिकाचे डाग माझ्या साडीवर अजून आहेत.
साहित्य : केळीचा बुंधा, विळा, जुनी साडी.
(‘जुनी’ला अधोरेखा.)

पुस्तक म्हणतं, शास्त्रीय कारणे लिहा.
पोरं म्हणतात, कामून?
पहिल्याला चार ओळी लागतात, दोन गुण मिळतात.
दुसऱ्याला कधी आख्खा पंधरवडा जातो.
दोन डबे, हिरवी केळी,
एकात एक पिवळं सोबतीला, दुसऱ्यात नाही.
उघडण्याआधी अंदाज लिहायचा, पेनाने.
खोडायचा नाही.
चुकला तर शेजारी लिहायचं, असं कशावरून वाटलं होतं.
गेल्या वर्षी सगळ्यात चांगली वही
सगळ्यात जास्त चुकलेल्या मुलीची होती.
हे कुठल्या रकान्यात बसतं, मला सापडलेलं नाही.

आणि एक घटक सुट्टीतच येतो.
मेच्या शेवटी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर,
बारा वाजून तेवीस मिनिटांनी
उभ्या वस्तूला सावली नाही.
जुलैत पुन्हा येतो तो दिवस, शाळाही असते,
पण तेव्हा ढग असतात.
साहेबांना फोन केला. म्हणाले,
सुट्टीतलं अभ्यासक्रमात धरता येत नाही.

तरी अकरा जण आले.
डोक्यावर ओले रुमाल, पायांत थोरल्या भावंडांच्या चपला,
मैदान तव्यासारखं.
मधोमध मीटरभर काठी रोवली.
बारा एकवीस. बारा बावीस.
तेवीसला सगळे वाकले, आणि सावली होती.
बारीक, पण होती.
सूर्य चुकला, एक म्हणाला.
बाईंचं घड्याळ चुकलं, दुसरा.
मोहिनी सपकाळे एक डोळा मिटून
काठीकडे बघत राहिली, बापासारखी,
तिचा बाप गवंडी.
काठी वाकडी हाये बाई.
कशावरून, मी विचारलं.
ती पळत घरी गेली, ओळंबा घेऊन आली.
दोरी स्थिर होईपर्यंत कुणी श्वास घेतला नाही.
काठी खरंच कलली होती, बोटभर.
सरळ केली, माती दाबली,
तोवर साडेबारा होऊन गेले,
आणि आता सरळ काठीला
पूर्वेकडे दोन बोटं सावली. नवी, खरी.

आता कामून?

कुणीच सावलीला गेलं नाही.
शून्य काही आम्ही बघितलं नाही.

रात्री लाइट गेली तेव्हा
मोबाइलच्या उजेडात तो घटक भरला.
साहित्य : काठी, ओळंबा, पाणी भरपूर.
निष्पत्ती : पेन टेकवून बसले बराच वेळ,
कागदावर निळा ठिपका पसरला, तो तसाच ठेवला.
तासिका : एक.
शिवाय पुढच्या मेमध्ये एक.